वीसकिर्शेला वीस मिनिटं पुरतील का?

तुम्ही विचारलंय की म्युनिकहून नॉयश्वानश्टाइनच्या राजवाड्याला जाणारी सहलीची बस वाटेत वीसकिर्शेला वीस मिनिटं थांबते, तर तेवढ्यात ते चर्च बघून होईल का, आणि शेजारच्या श्टाइनगाडेन गावात उतरण्यासारखं काही आहे का.

आधी एक गंमत. जर्मनमधला हा 'वीस' आपला आकडा नव्हे. त्याचा अर्थ कुरण. कुरणातलं चर्च, म्हणून वीसकिर्शे. वीस मिनिटांत फोटो होतील, चर्च नाही होणार. शिवाय गाव वगळून नुसतं चर्च बघितलं तर ते तिथे माळावर का उभं आहे, हेच कळत नाही. म्हणून माझा सल्ला उलटा: सहलीची बस सोडा, श्टाइनगाडेनला उतरा आणि चालत चर्चला जा.

श्टाइनगाडेन म्हणजे बव्हेरियाच्या दक्षिण टोकाकडची तीन हजारांच्या आतल्या वस्तीची ग्रामपंचायत. मूळ गाव, आजूबाजूच्या वाड्यावस्त्या आणि बाकी गवताचे उतार, गाईगुरं, जंगल. पश्चिमेला लेख नदी, दक्षिणेला आल्प्सच्या पहिल्या टेकड्या. या मुलखाला फाफेनविंकल म्हणतात, म्हणजे 'भटजींचा कोपरा'. इतके मठ इथे दाटीवाटीने होते की नाव पडलं ते पडलंच.

गावातला मठ 1147 मध्ये वेल्फ या सरदार घराण्यातल्या सहाव्या वेल्फने स्थापन केला. याचा एकुलता एक मुलगा, सातवा वेल्फ, 1167 मध्ये जर्मन सम्राट बार्बारोसाच्या इटलीच्या मोहिमेत साथीच्या रोगाने वारला. वारस उरला नाही. पुतण्या हाइनरिश पैसे देऊन मिळकत घेणार होता, त्याने चालढकल केली. म्हाताऱ्याने सगळं भाच्याच्या, म्हणजे खुद्द बार्बारोसाच्या, पदरात घातलं. भाऊबंदकी काय आपल्याकडेच असते होय! 1191 मध्ये म्हातारा गेला. बापलेक दोघंही गावातल्या चर्चमध्ये पुरलेले आहेत. त्या पुतण्याच्या वंशातून पुढे हॅनोव्हरचं घराणं आलं आणि त्यातून राणी व्हिक्टोरिया, जिच्या नावाचं टर्मिनस मुंबईत होतं.

गावातलं हे चर्च आत शिरताच गोंधळात टाकतं. बाहेरून बाराव्या शतकातला जाडजूड दगड, आत अठराव्या शतकातली नाजूक गिलाव्याची नक्षी. 1525 च्या शेतकरी बंडात मठ लुटला गेला, तीस वर्षांच्या युद्धातही होरपळला, म्हणून प्रत्येक पिढीने आपापल्या चालीचं ठिगळ लावलंय. ओसरीच्या भिंतीवर वेल्फ घराण्याची वंशावळ रंगवलेली आहे, ती चुकवू नका. बाजूच्या जुन्या ओवऱ्यांचा तुकडाही बघा, तिथे सहसा चिटपाखरू नसतं.

आता वीस, म्हणजे ते कुरणातलं चर्च. 1730 मध्ये मठातल्या साधूंनी गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी जुन्या लाकडी मूर्तींचे सुटे भाग जोडून, कापड गुंडाळून, रंग देऊन फटके खाणारा, साखळदंडातला येशू तयार केला. तो इतका रक्तबंबाळ दिसायचा की लोकांना बघवेना. काही वर्षांतच मूर्ती माळ्यावर गेली. तिथून ती वीस वस्तीतल्या एका शेतकरणीने घरी नेली, आणि 14 जून 1738 ला तिला मूर्तीच्या डोळ्यांत पाणी दिसलं. पुढचं आपल्याला सांगायला नको. जागृत देवस्थान झालं, नवस सुरू झाले, 1740 मध्ये बांधलेली छोटी देवळी अपुरी पडू लागली. 1745 मध्ये मठाने वास्तुविशारद डोमिनिकुस त्सिमरमानला बोलावलं, 1754 मध्ये चर्च पूर्ण झालं आणि मठ कर्जात बुडाला. 1803 मध्ये सरकारने मठ खालसा केले तेव्हा हे चर्चही जाणार होतं. आसपासच्या शेतकऱ्यांनी हट्टाने वाचवलं. 1983 पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे.

आत गेल्यावर मधल्या रांगेत बसा आणि मान वर करा. छत घुमट वाटतं, पण ते दगडी नाहीच. छपराला टांगलेली लाकडी पट्ट्यांची चौकट, त्यावर गिलावा, आणि त्यावर डोमिनिकुसचा भाऊ योहान बाप्टिस्टने काढलेलं चित्र. इंद्रधनुष्यावर येशू बसलाय, न्यायाचं आसन मात्र अजून रिकामं आहे. मग मागे वळून प्रवेशाच्या बाजूला बघा: तिथे स्वर्गाचं दार रंगवलंय, आणि ते बंद आहे. निवाडा व्हायचाय, अजून वेळ आहे, असा त्याचा अर्थ. वेदीजवळचे खांब लाल, रक्ताचे. ती मूर्ती त्यांच्यामध्येच आहे. माझी आई आली होती तेव्हा तिने छताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मूर्तीसमोर बराच वेळ उभी राहून म्हणाली, "हाच का तो रडलेला?" आणि हात जोडले.

चालण्याच्या वाटेला ब्रेटलवेग म्हणतात, 'फळ्यांची वाट'. गावापासून चर्चपर्यंत रमतगमत दीड-दोन तास. मधला टप्पा दलदलीतून जातो, तिथे लाकडी फळ्या टाकल्यात. पाऊस पडून गेला असेल तर त्या साबणासारख्या निसरड्या होतात, चपला-सँडल नकोत.

बसचं मात्र जपून. आईबरोबरच्या त्याच खेपेला मोबाइलवर दिसलेली परतीची बस फक्त शाळेच्या दिवसांची निघाली आणि तो रविवार होता. आईला घेऊन थांब्यावर दोन तास काढले. वेळापत्रकाखालच्या बारीक टिपा वाचा. फ्युसनला मुक्काम केलात तर सगळंच सोपं, तिथून श्टाइनगाडेन वीसेक किलोमीटर.

रविवारी सकाळी प्रार्थना चालू असताना आत फिरू देत नाहीत. तेवढ्या वेळात बाहेर गरमागरम वीसक्युखल घ्या. तळलेलं गोड पीठ, वर साखर. दोघांत एक पुरतं.