माल कुरियरला दिला म्हणजे विक्रेता सुटला, असं नाही

प्रश्न : मी मुलुंडला राहते. इन्स्टाग्रामवर चेन्नईच्या एका विक्रेत्याकडून चार डिस्कस मासे ७,२०० रुपयांना मागवले. दुसऱ्या दिवशी पोहोचतील, असं त्यानं व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. खोका चौथ्या दिवशी आला. पाणी गढूळ, तीन मासे मेलेले, चौथा आडवा पडून कल्ले हलवत होता. त्याला आधी टाकीत सोडलं, मग फोटो काढले. आता विक्रेता म्हणतो, बंद पिशवीचा व्हिडिओ नाही, म्हणून पैसे नाहीत. पुढचं कुरियरवाल्याला विचारा. कुरियरच्या पावतीवर ‘प्लास्टिक साहित्य’ लिहिलंय. काय करू?

उत्तर : ताई, मासा आधी सोडलात ते योग्यच केलंत. पिशवी उघडली की साठलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पाण्याचा सामू (पीएच) चढतो आणि अमोनिया जास्त विषारी होतो. व्हिडिओसाठी त्याला त्या पाण्यात ठेवायला नको होतं. व्हिडिओची अट पैसे घेण्याआधी सांगितली नसेल, तर आता ती पुढे करता येणार नाही.

‘कुरियरला दिलं, माझं काम संपलं’ हे त्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम ३९ प्रमाणे माल वाहतूकदाराच्या हाती दिला की तो ग्राहकाला दिला असं प्रथमदर्शनी धरतात. पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम वाचा : मालाचं स्वरूप बघून विक्रेत्यानं वाहतूकदाराशी वाजवी करार करायला हवा. तो केला नाही आणि माल वाटेत खराब झाला, तर ग्राहक ती पोच नाकारू शकतो किंवा विक्रेत्याकडून भरपाई मागू शकतो. जिवंत मासे प्लास्टिक म्हणून पाठवणं वाजवी कसं? खोक्यात जीव आहे हे उचलणाऱ्याला कळूच दिलं नाही. म्हणून ती पावती हा तुमचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि त्याच कारणानं कुरियरवर दावा लावण्यात मला अर्थ दिसत नाही. उशीर दाखवायला त्यांची ट्रॅकिंगची नोंद मात्र आजच उतरवून ठेवा.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा माशांनाही लागू आहे. यातना होतील अशा रीतीनं वाहतूक करणं कलम ११ खाली गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! तीन जिवांची ही किंमत वाचताना मला आजही लाज वाटते. तुमचा भर भरपाईवरच ठेवा.

विक्रेत्याला लेखी नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. त्यात तीन माशांची किंमत, पाठवणीचा खर्च आणि मनस्तापाची माफक रक्कम मागा. मासे घरच्या टाकीसाठी घेतले, विकायला नाही, हे स्पष्ट लिहा. नाहीतर तुम्ही ‘ग्राहक’च नाही असा मुद्दा निघेल. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला स्वतः राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे चेन्नईला खेटे नकोत. मुदत दोन वर्षं. एवढ्या रकमेला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. ऑनलाइन दाखल करता येते.

मूळ फोटो आणि चॅट मोबाइलमधून पुसू नका. खोक्यावरचं लेबलही फाडू नका. पाठवल्याची तारीख त्यावरच असेल.