'एक्सेप्शनल'च्या उलट इंग्रजीत काय म्हणायचं?

तुम्ही विचारलंय की एक्सेप्शनलला विरुद्धार्थी म्हणून नुसतं 'ऑर्डिनरी' चालेल का, आणि आणखी कोणते शब्द आहेत. परीक्षेपुरतं हवं असेल तर ऑर्डिनरी लिहा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा, मार्क कोणी कापत नाही. पण माणसाबद्दल किंवा कामाबद्दल लिहायचं असेल तर जरा थांबा, तिथे प्रतवारी बघावी लागते.

मी लातूरकडे अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो, घरी सोयाबीन आहे. त्यामुळे मला हे मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या ढिगावरूनच कळतं. एक्सेप्शनलच्या मुळाशी लॅटिनमधलं 'बाहेर काढून घेणे' हे क्रियापद आहे. म्हणजे ढिगातून वेचून वेगळा ठेवलेला दाणा. मग त्याच्या उलट काय, तर ढिगात राहिलेला. डागी नव्हे! पोरं इथेच चुकतात आणि 'पुअर' किंवा 'बॅड' लिहून मोकळी होतात.

ढिगातल्या मालाला साधे, कुणाला न टोचणारे शब्द म्हणजे ऑर्डिनरी, कॉमन, युज्वल, अनएक्सेप्शनल. 'रन ऑफ द मिल' थोडा खाली उतरतो: गिरणीतून निघाला तसा, प्रत न लावलेला माल. 'मिडलिंग' हा तर कापसाच्या प्रतीचाच शब्द. अमेरिकी प्रतवारीत मिडलिंग, त्याच्या वर स्ट्रिक्ट मिडलिंग, त्याच्याही वर गुड मिडलिंग.

'मीडिऑकर' मात्र जपून वापरा. मूळ अर्थ निरुपद्रवी आहे, डोंगराच्या अर्ध्यावर पोचलेला. पण आज कुणाला मीडिऑकर म्हटलं की तो अपमानच समजा. आपल्या 'सुमार'चं तेच झालं. फारसीत शुमार म्हणजे मोजणी. 'सुमारे शंभर पोती' म्हणताना कुणाला काही वाटत नाही, 'बेसुमार' म्हणजे मोजता न येणारं, आणि 'सुमार कविता' म्हटलं की कवी महिनाभर बोलत नाही.

'ॲव्हरेज'ची गोष्ट मला सगळ्यात आवडते. त्याचं मूळ अरबीतल्या 'अवार'पर्यंत नेतात, म्हणजे मालाची खराबी. जहाजावरच्या मालाचं नुकसान सगळ्या व्यापाऱ्यांनी हिश्शाप्रमाणे वाटून घ्यायचं, त्यातून 'सरासरी' हा अर्थ आला. सागरी विम्यात 'जनरल ॲव्हरेज' अजून त्याच जुन्या अर्थाने चालतं.

आणि हाच शब्द आमच्याकडे हमीभाव केंद्रावर रोज ऐकू येतो. माल 'एफएक्यू' पाहिजे, म्हणजे फेअर ॲव्हरेज क्वालिटी. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये क्विंटल, मोंढ्यात त्याहून बराच कमी, म्हणून आम्ही पोती केंद्रावर नेली. ओलाव्याची मर्यादा 12 टक्के, मशीनवर आकडा आला 14. पोती परत. अंगणात ताडपत्रीवर पसरून दिवसातून चारदा पायाने चाळवली. ॲव्हरेज व्हायलासुद्धा तीन दिवस ऊन खावं लागलं! (नोव्हेंबरात सरकारने मर्यादा 15 टक्के केली, तोवर आमचं वाळवून झालं होतं.) तेव्हापासून वर्गात ॲव्हरेजला 'बेताचा' असा अर्थ सांगताना माझी जीभ अडखळते.

एक सापळा तेवढा लक्षात ठेवा. 'अनएक्सेप्शनल' म्हणजे खास काही नाही, आणि 'अनएक्सेप्शनेबल' म्हणजे ज्यावर बोट ठेवायला जागा नाही. इंग्रजीत 'टेक एक्सेप्शन' म्हणजे हरकत घेणे, त्यातून हा दुसरा आला. दिसायला जुळे, पण एक पोराला खाली बसवतो, दुसरा त्याला शाबासकी देतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका पोराने वर्तणुकीचा दाखला मागितला, मी ऐटीत 'अनएक्सेप्शनेबल' लिहून दिलं. तो जिथे मुलाखतीला गेला तिथल्या माणसाने घाईत भलतंच वाचलं. दुसऱ्या दिवशी बाप दारात, हातात तोच कागद. "सर, साहेब म्हणलालेत पोरगं काई खास न्हाई. तुम्हीच असं लिवल्यावर कसं?" मी त्याला शब्दाचा अर्थ समजावू लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते खरं असल सर, पर साहेबाला कोन सांगावं?"

नवा दाखला लिहिला. त्यावर 'व्हेरी गुड' एवढंच.