साडेचार वर्षांचा मुलगा चावतो, मारतो, दोन बालवाड्यांनी नको म्हटलं. मदत कुठे मिळेल?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ आहे, 'संस्कारात आमचं कुठे चुकलं तेच कळत नाही.' ती वाचली आणि तपासायला घेतलेल्या वह्या बाजूला सारल्या. मुलगा समोर येईल ते फेकतो, रडायला लागला की तासभर थांबत नाही, नाशिकात चांगला डॉक्टर कोण आणि औषधाने फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. डॉक्टरचं नाव मी देणार नाही. संस्कारांचं मात्र बोलतो, कारण त्या एका शब्दापायी आमची दोन वर्षं वाया गेली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, १९ वर्षं झाली. 'घरी जरा शिस्त लावा' असं किती आईबापांना तोंडावर सांगितलं असेल, मोजदाद नाही. मग माझंच पोरगं सव्वातीन वर्षांचं असताना बालवाडीच्या बाईंचा निरोप आला, सर, उद्यापासून नका पाठवू. एका मुलीच्या दंडावर त्याचे दात उठले होते, वरचे चार, खालचे चार, शिक्का मारल्यासारखे. मुलीच्या वडिलांनी बाही वर करून तो दंड मला दाखवला. ते माझेच माजी विद्यार्थी. "सर, तुमच्या घरात?" एवढंच म्हणाले.

आमचं घर कराडजवळ, एकत्र कुटुंब. थोरले बंधू, म्हणजे दादा, त्यांचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं, "कानाखाली दोन ठेव, सुतासारखा सरळ होतोय." आई म्हणायची, मुलगे उशिराच बोलतात, तुझा मामा पाच वर्षांचा होईस्तोवर मुका होता. (मामा आज फोन ठेवत नाही, हे खरं.) अंगारा झाला, ब्राह्मीची बाटली झाली. मी बायकोला म्हणालो, तू लाडावून ठेवलायस. आणि मी मारलंही. पट्टीने नाही, हाताने, पण मारलं. त्याने तोच हात दुसऱ्या दिवशी चुलतभावावर चालवला, अगदी माझ्यासारखा मागे ओढून.

मग पुतणीची हळद. मांडवात त्याने ताटं उधळली, एका पाव्हण्याला चावला. दादांनी त्याला उचलून कांद्याच्या खोलीत घातलं आणि कडी लावली. मी तिथेच उभा होतो, चार पाव्हण्यांदेखत मोठ्या भावापुढे बोललो नाही. वीस मिनिटांनी हिने जाऊन कडी काढली तर तो रडत नव्हता. स्वतःचंच मनगट चावून बसला होता. ही त्याला काखेत घेऊन हळदीच्या पिवळ्या साडीत तशीच एसटी स्टँडवर गेली. मी मागून पोचलो तेव्हा तो फलाटावर पुढे पळत होता आणि ही मागून नावाने हाका मारत होती. तीन, चार, पाच. तो वळला नाही. समोर जाऊन हात धरला तेव्हा दचकला आणि मग हसला. पोरगं ऐकत नाही, ऐकत नाही, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. ते खरंच ऐकत नव्हतं.

आता लाज वाटायची गोष्ट. आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, त्याचं पथक दरवर्षी आमच्या शाळेत मुलं तपासायला येतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा. २०१३ पासून चालू आहे. त्यांचे फॉर्म भरणारा मीच. दुसऱ्यांची पोरं मी चिठ्ठी देऊन सिव्हिलला धाडली, आणि स्वतःचं पोरगं न्यायला मला हळदीचा दिवस उजाडावा लागला. सिव्हिलमध्ये डीईआयसी म्हणून लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारा विभाग असतो. बालरोगतज्ज्ञ, कान तपासणारे, वाचा शिकवणारे, मानसशास्त्रज्ञ, सगळे एका ठिकाणी आणि फुकट. पदं रिकामी असतात, हेही सांगून ठेवतो. एक नसला तर दुसऱ्याची तारीख घ्या, परत फिरू नका.

कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठलेलं निघालं, दोन्हीकडे. नाकामागच्या गाठी वाढलेल्या, म्हणून तोंड उघडं टाकून घोरायचा आणि झोप पुरी नाही म्हणून दिवसभर किरकिर. असं पोर पूर्ण बहिरं नसतं, म्हणून तर कुणाला शंका येत नाही. पाण्यात बुडी मारल्यावर बाहेरचं बोलणं येतं तसं त्याला येत असणार. गाठी काढल्या, पडद्यात बारीक नळ्या बसवल्या. दोन महिन्यांत शब्द यायला लागले.

इथे गोष्ट संपली असती तर दादांची बोलती बंद झाली असती. संपली नाही. ऐकू यायला लागलं तरी तो चावायचाच, कारण चावलं की काम होतं हे तोवर पक्कं झालेलं. तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी मुलाला आणू नका, तुम्ही दोघं या. मला राग आला. आजारी पोरगं आणि शिकवणी मास्तरला! त्यांनी एक वही घालायला लावली. तीन रकाने, आधी काय झालं, त्याने काय केलं, मग तुम्ही काय केलं. पंधरा दिवसांत ३१ नोंदी झाल्या. तिसऱ्या रकान्यात १९ वेळा एकच शब्द होता, मोबाइल.

बाईंनी बजावलं होतं, आकांताला मोबाइल मिळायचा बंद केला की आकांत आधी वाढणार, मग कमी होणार. तसंच झालं. सोमवारी पंचवीस मिनिटं, बुधवारी पन्नास. ही दाराबाहेर कान झाकून बसलेली, मी भिंतीला टेकून घड्याळ बघत. चौथ्या दिवशी दादा रानातून आले, "पोराचा जीव घेताय का!" म्हणाले आणि खिशातला मोबाइल त्याच्या हातात दिला. कांद्याच्या खोलीला कडी लावणारे हेच. आता पोराच्या बाजूने बघा. पंचवीस मिनिटं ओरडून मिळत नाही, आणखी रेटून ओरडलं की मिळतं. शिकला की तो! तो एक हिशेब मोडायला आम्हाला पुढे तीन आठवडे लागले. मारणं आणि लाडाने गप्प करणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं दादांना वाटतं. त्या एकच आहेत. दोन्हीत मोठ्यांना आत्ताच्या आत्ता शांतता हवी असते.

याच्या जोडीला रोज पाच-दहा मिनिटं त्याच्याबरोबर जमिनीवर बसायचं, खेळ तो ठरवणार, आपण हुकूम द्यायचा नाही, प्रश्न विचारायचा नाही, फक्त तो करतोय ते बोलायचं. 'गाडी वर चढली. आता पडली.' मास्तरला याच्याइतकं अवघड काही नाही. आणि हात उगारून खाली घेतला की त्याच क्षणी, "हात आवरलास, शाब्बास."

तुमचं औषधाचं विचारणं राहिलं. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला सहसा आधी आईबापांचं हे शिक्षण देतात, गोळ्या नंतर आणि गरज लागली तरच. पण मानसोपचारतज्ज्ञाने विचार करून दिली तर ती विष नाही, शेजारणीचं ऐकून बंद करू नका. खासगीत जाणार असाल तर मानसशास्त्रज्ञाला किंवा वाचा शिकवणाऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. जो रागावेल त्याच्याकडून उठा. पुण्यातल्या एका सेंटरने आमच्याकडून तासाला ८०० रुपये घेतले आणि आम्हाला काचेच्या दाराबाहेर बसवलं. आत काय केलं ते कधी कळलं नाही. आईबापाला बाहेर ठेवणारी थेरपी माझ्या मते पैसे काढायचा धंदा आहे. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

शाळेचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मारायला बंदी आहे आणि आठवीपर्यंत मुलाला काढूनही टाकता येत नाही. पण तो कायदा सहा वर्षांपासून पुढचा. बालवाडीवाल्यांशी भांडण्यात शक्ती घालवू नका, अंगणवाडीत घाला.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं. प्रत्येक चावणाऱ्या पोराच्या कानात पाणी नसतं. मुलगा आधी बोलत होता आणि शब्द गेले, मधेच एकटक बघत थिजतो, झटके येतात, किंवा डोकं इतकं आपटतो की इजा होते, तर वहीबिही राहू दे, आधी डॉक्टर गाठा. अचानक बदलला असेल आणि एखाद्या माणसाला बघून आक्रसत असेल तर तो माणूस त्याला त्रास देतोय का याचाही विचार करा, १०९८ ही मुलांची हेल्पलाइन त्यासाठीच आहे. स्वमग्नता (ऑटिझम) निघाली तर खचू नका. २०१६ च्या कायद्यात जी २१ अपंगत्वं आहेत त्यात ती आहे, दाखला काढून ठेवा, पुढे शाळेत उपयोगी पडतो. आमचा आता चौथीत आहे. अजूनही चिडला की दप्तर फेकतो. चावत नाही.

सिव्हिलला सकाळी लवकर जा, केसपेपरची रांग मोठी असते. घोरण्याचा आणि आकांताचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, डॉक्टरपुढे पोरं शहाण्यासारखी वागतात. आणि घरात 'दोन ठेवून दे' म्हणणारं जे कुणी असेल त्यालाच सोबत न्या, डॉक्टरच्या तोंडून ऐकू दे. मी दादांना नेलं नाही. पोरगं वयाने सुधारलं, असं ते आजही पाव्हण्यांना सांगतात.