कालीचरण ब्रह्मांवर लिहिण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आसामातील बोडो या आदिवासी समाजाचे सुधारक कालीचरण ब्रह्म यांच्यावरील तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. ‘संस्कृतीकरण’, म्हणजे खालच्या मानलेल्या समाजाने प्रतिष्ठेसाठी वरच्या जातींचे आचार उचलणे, ही संज्ञा पहिल्याच पानावर आली आहे आणि पुढचा प्रत्येक तपशील तिच्यात बसवलेला दिसतो. निष्कर्ष आधी आणि माणूस नंतर, असा क्रम ठेवू नकोस.

त्यांच्यापुढचा पेच आधी मांड. आसामातील तेव्हाच्या गोआलपाडा जिल्ह्यात, काजीगावच्या एका लाकूड-व्यापाऱ्याच्या घरी १८६० साली जन्मलेल्या या गृहस्थांना दिसत होते, की ‘मेच’ म्हणून हिणवले जाणारे आपले लोक प्रतिष्ठेसाठी वैष्णव गुरूंना शरण जातात, ‘शरणीया’ म्हणवू लागतात आणि हळूहळू स्वतःची भाषा सोडून असमिया समाजात मिसळून जातात. काही जण ख्रिस्ती होतात. या गळतीच्या काळात, १९०६ च्या सुमारास, त्यांनी कोलकात्याच्या शिवनारायण परमहंसांकडून घेतलेला ब्रह्म धर्म आपल्या लोकांत रुजवायला सुरुवात केली. यज्ञ, आहुती, ‘ब्रह्म’ हे आडनाव हे सारे वरकरणी हिंदू वळणाचेच आहे. परंतु शरणीया झालेला माणूस समाजाबाहेर जात होता, ब्रह्म झालेला मात्र बोडोच राहत होता. तुझ्या संज्ञेत नेमका हा फरक हरवतो.

आमच्याकडे कोणी त्यांना ‘आसामचे फुले’ म्हणेल, पण तो मोह टाळ. जोतीरावांनी पुरोहिताला दूर सारले. कालीचरणांनी यज्ञच आपल्या लोकांच्या हाती दिला.

यज्ञापेक्षा अधिक पाने मात्र शिक्षणाला दे. धुबरीत बोडो मुलांसाठी वसतिगृह व्हावे म्हणून त्यांनी सरकारदरबारी केलेली खटपट, टिपकाईची १९१३ ची शाळा, १९२१ चे बोडो महासंमेलन, आणि स्वतंत्र प्रतिनिधित्वासाठी १९२९ मध्ये सायमन आयोगापुढे ठेवलेले निवेदन, ही एकाच कामाची वाढत गेलेली अंगे आहेत. वसतिगृहात राहून शिकलेली मुले नसती, तर निवेदनाचा मसुदा करायला बोडो समाजात माणसे मिळणे कठीण होते, असे मला वाटते.

या सुधारणेची किंमतही लिही. नव्या धर्माने तांदळाची दारू आणि डुकरे पाळणे निषिद्ध मानले. ती दारू गाळणाऱ्या घरच्या बायकाच होत्या; तेव्हा त्यांच्या हातून काय गेले, हा प्रश्न तुझ्या आराखड्यात कुठेच नाही. शिवाय अंगणात सिजू हे निवडुंगासारखे झाड लावून बाथौ या बोडोंच्या मूळ देवाची पूजा करणारी कितीतरी कुटुंबे जुन्या धर्मातच राहिली. त्यांना ‘सुधारणेबाहेरचे’ म्हणून तू जी तळटीप दिली आहेस, ती मला अजिबात पटली नाही.

पहिले प्रकरण पुन्हा लिहिताना सुरुवात धुबरीपासून कर, आणि बाथौ न सोडलेल्या घरांतील वृद्ध स्त्रियांशी बोलण्यासाठी कोक्राझार भागात काही महिने राहता येईल का, हे तुझ्या मार्गदर्शकांना विचारून मला कळव.

तुझा शुभचिंतक