आमदारांनी आरोग्याचा प्रश्न विधानसभेत विचारला, तर दवाखान्यात खरंच काही फरक पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नाहीत, आमदारांनी अधिवेशनात प्रश्न मांडला, मंत्र्यांनी ‘कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर दिलं. याने पुढे काही होतं का, की पेपरात बातमी आली आणि संपलं?

होतं. मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट होतो. सगळी नोकरी जळगाव जिल्ह्यात झाली, आता निवृत्त आहे. प्रश्न सभागृहात पोचायच्या आधी आमच्यासारख्यांच्या टेबलावर येतो. तिथे त्याचं काय होतं ते मी सांगू शकतो.

आरोग्य खात्यात अशा प्रश्नाला सगळे ‘एलएक्यू’ म्हणतात, म्हणजे ‘लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन’. मंत्रालयातून तो आरोग्य सेवा आयुक्तालयात येतो, तिथून नाशिकला उपसंचालकांकडे, मग जिल्हा आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक, मग तालुका आरोग्य अधिकारी, आणि शेवटी संध्याकाळी साडेपाचला आमच्याकडे फोन: ‘एलएक्यू आहे, माहिती आत्ताच्या आत्ता पाठवा.’ त्या रात्री कुणी घरी जात नाही. एरवी चार स्मरणपत्रं पाठवूनही जी माहिती मिळत नाही, ती दोन तासांत गोळा होते. कुठल्या उपकेंद्राला नर्स नाही, कुठली गाडी टायरवाचून उभी आहे, हे जिल्ह्याच्या साहेबांना कधी कधी त्या रात्रीच पहिल्यांदा कळतं. प्रश्नाचा पहिला फायदा हा, आणि तो मंत्री उत्तराला उभे राहण्याआधीच झालेला असतो.

पण प्रश्न ढिसाळ असेल तर हीच सगळी धावपळ उत्तर झाकण्यासाठी होते. हे मी माझ्या हाताने केलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एका भादव्यात, कपाशीच्या निंदणीच्या दिवसांत, शेतमजुराला घोणस चावली म्हणून रात्री नऊच्या सुमारास आणलं. हात कोपरापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं. सर्पदंशाच्या लसीची सुरुवातीची मात्राच ८ ते १० वायलची, म्हणजे छोट्या कुप्यांची, असते. माझ्या फ्रिजमध्ये २ होत्या. मागणीपत्र जाऊन तीन आठवडे झाले होते. त्या २ वायलची भुकटी मी पाण्यात विरघळवत होतो. ती जोरात हलवायची नसते, फेस होतो, तळहातांत हळूहळू फिरवावी लागते. शेजारी उभी असलेली त्याची बायको एकच विचारत होती, “भाऊ, ह्या वाचतीन ना?” डॉक्टरांनी २ वायल दिल्या, १०८ बोलावली, तालुक्याला पाठवलं, तिथून जळगावला. माणूस वाचला. हाताची दोन बोटं गेली.

पुढच्या अधिवेशनात त्यावर प्रश्न आला. विधानसभेच्या प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. एक, अमुक केंद्रात सर्पदंशाची लस उपलब्ध नसल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? दोन, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय? तीन, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली? चार, नसल्यास विलंबाची कारणे काय? आमच्याकडून साठा नोंदवहीची प्रत मागवली. नोंदवहीत त्या तारखेला शिल्लक २. वर उत्तर तयार झालं: ‘हे खरे नाही. केंद्रात लस उपलब्ध होती.’ आणि पहिलं उत्तर ‘हे खरे नाही’ आलं की बाकी तिन्हींपुढे आपोआप लिहिलं जातं, ‘प्रश्न उद्भवत नाही’.

त्या माहितीखाली माझी सही होती. एकही आकडा खोटा नव्हता. ती बाई आणि तिचा नवरा मात्र त्या उत्तरात कुठेच नव्हते. मला ते आजही टोचतं.

त्यानंतर कधीतरी त्याच विषयावर दुसऱ्या सदस्याचा प्रश्न आला. त्यात ‘खरे आहे काय’ नावापुरतंच होतं. विचारलं होतं ते असं: मागच्या वर्षभरात तालुकानिहाय सर्पदंशाचे रुग्ण किती, त्यांपैकी पुढे किती पाठवले, प्रत्येक महिन्याच्या शेवटी केंद्रनिहाय किती वायल शिल्लक होत्या, मागणी किती केली आणि कोणत्या तारखेला किती मिळाल्या. याला ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणता येत नाही. तक्ता भरावाच लागतो, आणि तक्ता भरताना वरच्यांना दिसलं की केळीच्या पट्ट्यातल्या एका केंद्रात लस पडून मुदत संपायला आली आहे आणि सातपुड्याच्या कडेच्या केंद्रांत फ्रिज रिकामे आहेत. आठवड्याच्या आत आमच्याकडे २० वायल आल्या. सभागृहात तो प्रश्न पुकारलाच गेला नाही, कारण प्रश्नोत्तराचा तास एक तासाचा, त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके प्रश्न होतात, बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. तरी आमचं काम झालं होतं.

आता तुमच्या डॉक्टरांकडे येतो. ‘पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय’ असं विचारलं असेल तर उत्तर बहुधा ‘अंशतः खरे आहे’ असं आलं असेल. यात मोठी मेख आहे. पद भरलेलं असतं, पगार तुमच्या रुग्णालयाच्या नावावर निघतो, आणि डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे काम करत असतो. कागदावर रिक्त पद शून्य. म्हणून मंजूर किती आणि भरलेली किती यावर थांबू नये. प्रत्यक्ष कार्यरत किती, प्रतिनियुक्तीवर किती, दीर्घ रजेवर किती, बंधपत्रित (शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा बंधनकारक असलेले) आणि कंत्राटी किती, असं फोडून विचारायला लावा. त्यातही भूलतज्ज्ञाचं वेगळं विचारा. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे पण भूल द्यायला कुणी नाही, अशा रुग्णालयात सिझेरियन होत नाही आणि अडलेली बाई कळा देत जिल्ह्याच्या गाडीत बसते. मागच्या सहा महिन्यांत तिथे किती सिझेरियन झाली आणि किती बाळंतिणी पुढे पाठवल्या, एवढे दोन आकडे पन्नास ओळींच्या निवेदनापेक्षा जास्त बोलतात.

दुसरी गोष्ट, प्रश्न योग्य मंत्र्यांना जातोय का ते बघा. इथे चांगले चांगले चुकतात. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय हे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. पण जळगावचं सिव्हिल आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. महाविद्यालय २०१८ला सुरू झालं, नंदुरबारचं २०२०ला. तिथला प्रश्न वैद्यकीय शिक्षण विभागाचा. १५ ऑगस्ट २०२३पासून मोफत उपचारांचा निर्णय झाला तो सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांसाठी. लोक मात्र सगळ्यालाच ‘सरकारी दवाखाना’ म्हणतात आणि केसपेपरच्या खिडकीवर वाद होतात. कुपोषित बाळ अंगणवाडीत असेपर्यंत महिला व बालविकासचं, पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झालं की आरोग्याचं, आश्रमशाळेत आजारी पडलं तर आदिवासी विकासही त्यात आला. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याचा प्रश्न एकाच खात्याला विचारला की ते खातं आपल्यापुरतं खरं उत्तर देतं आणि मूल मधल्या फटीत राहतं. तिथे जिल्हा एकच, नर्मदाकाठच्या पाड्यांवरून बाईला बांबूच्या झोळीत घालून आणावं लागतं ती वाटही एकच, पण उत्तर द्यायला तीन मंत्री.

खासदारांना विचारायला सांगू का, असंही तुम्ही लिहिलंय. सांगा, पण ते कशासाठी हे ठरवून. रुग्णालयं आणि सार्वजनिक आरोग्य घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीत आहेत. डॉक्टर का नाही असं लोकसभेत विचारलं तर तो राज्याचा विषय आहे असंच उत्तर येणार. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा मात्र केंद्र आणि राज्य ६० आणि ४० टक्के असा येतो. किती मंजूर झाला, किती आला, किती खर्ची पडला, हे तिथे विचारण्यासारखं आहे. आमच्या नंदुरबारकडच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरांत आहे, त्याचं राष्ट्रीय अभियान २०२३ला सुरू झालं. तपासण्या किती झाल्या यापेक्षा तपासणीत सापडलेल्या किती जणांना हायड्रॉक्सियुरिया हे त्यावरचं औषध नियमित मिळतं, हे एखाद्या खासदाराने विचारलं तर फार बरं होईल.

राहिलं ‘कार्यवाही सुरू आहे’. मंत्र्यांनी सभागृहात ‘करतो’, ‘भरतो’, ‘तीन महिन्यांत देतो’ असं काही म्हटलं असेल, तर ते आश्वासन धरलं जातं आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. आश्वासन धरायचं की नाही ते शब्दांवरून ठरतं, म्हणून उत्तराचे नेमके शब्द मिळवा. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात, तिथे शोधा. उत्तर अपुरं वाटलं तर आमदार त्याच उत्तरावर अर्धा तास चर्चा मागू शकतात, बाब तातडीची असेल तर लक्षवेधी सूचना देऊन मंत्र्यांना सभागृहात निवेदन करायला लावू शकतात. आमदार विरोधी पक्षाचे असोत की सत्तेतले, ही साधनं दोघांनाही सारखीच आहेत.

आणि एक, प्रश्न बहुतेक वेळा आमदारांचे पीए लिहितात. त्यांच्यासमोर त्या दिवशीचं वर्तमानपत्राचं कात्रण असतं, तेवढ्यावरून ते लिहितात. त्यांना दोष देता येत नाही. त्यांना चांगला कागद तुम्ही द्या. माहितीच्या अधिकारात रुग्णालयाचा मागच्या सहा महिन्यांचा हजेरीपट, प्रसूती नोंदवही आणि संदर्भसेवा नोंदवही (पुढे पाठवलेल्या रुग्णांची) यांतले आकडे मागा. रुग्णांची नावं लागत नाहीत, आकडेच हवेत. ते एका पानात बसवा, तारखांसकट. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात ते, अधिवेशनाच्या महिना-दीड महिना आधी द्यावे लागतात, म्हणजे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी दिवाळीच्या आधीच पीएंची गाठ घ्यायला हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवू नका, तो शंभर फोटोंत हरवतो. कागद हातात द्या आणि पोच घ्या.