नग्न, विवस्त्र की 'बोल्ड'? आणि मधेच घुसलेलं नागवणं

प्रश्न असा आलाय: नाटकात किंवा नृत्याच्या प्रयोगात कलाकार अंगावर काहीही न घालता मंचावर येतो, त्याला मराठीत नग्न म्हणावं, विवस्त्र म्हणावं की सरळ न्यूड? परीक्षणांमध्ये 'बोल्ड' लिहितात ते चालेल का? आणि प्रेक्षकसुद्धा कपडे काढून बसले असतील तर त्यांच्यासाठी काही शब्द आहे का?

आधी बोल्डचा निकाल लावू, कारण त्या शब्दाने माझं डोकं उठवलंय. 'अमुक अभिनेत्री पहिल्याच अंकात बोल्ड' असं वाचलं की मला आधी उडालेल्या यष्ट्या दिसतात आणि गोलंदाज कोण होता हा प्रश्न पडतो. देवनागरीत दोन्ही बोल्ड एकसारखेच दिसतात त्याला कोण काय करणार! बरं, इंग्रजीतला तो दुसरा बोल्ड म्हणजे धीट. धीटपणा कपड्यांच्या मापाने मोजायचा हे कुणी ठरवलं? भर दरबारात राजाला खरं सुनावणारं पात्र चिलखत घालूनही बोल्डच असतं की. आणि पुरुष नटाने कपडे उतरवले की तीच परीक्षणं 'भूमिकेची गरज' असं लिहितात, तिथे बोल्ड कुठे गायब होतो कोण जाणे. तेव्हा बोल्ड नको. विषय संपला.

नग्न आणि विवस्त्र यातला फरक बारीक आहे पण मला तो आवडतो. नग्न ही नुसती अवस्था. विवस्त्र मधला 'वि' सांगतो की वस्त्र होतं आणि गेलं. म्हणजे पडदा उघडतानाच पात्र तसं उभं असेल तर नग्न, प्रवेश चालू असताना कपडे उतरले तर विवस्त्र. सगळे हा फरक पाळत नाहीत, पाळला नाही म्हणून कुणी फाशी देणार नाही. न्यूडबद्दल एवढंच, की 'नग्न कसंतरीच वाटतं, न्यूड जरा सभ्य वाटतं' असं म्हणणाऱ्यांना सांगा की या सख्ख्या बहिणी आहेत. संस्कृत नग्न, लॅटिन नूडुस, इंग्रजी नेकेड, लिथुआनियन नुओगस, रशियन नगोय, सगळे एकाच मुळाचे. एकीला घरात घ्यायचं आणि दुसरीला अंगणात बसवायचं हे बरं नव्हे.

आता खरी मजा. नग्नचं प्राकृतात झालं णग्ग, आणि मराठीत येताना जोडाक्षर सुटलं आणि आधीचा स्वर लांबला. अग्नीची आग झाली तशीच ही गोष्ट, लग्नचं लाग झालं (लागणं मधलं), भग्नचं भाग झालं (थकून-भागून मधलं, म्हणजे आपण भागतो तेव्हा शब्दशः मोडलेले असतो), तसं नग्नचं झालं नाग. त्याच्यापासून नागडा, नागवा आणि क्रियापद नागवणं. नागवणं म्हणजे काय? लुटणं, लुबाडणं. 'सावकाराने नागवलं', 'धंद्यात पार नागवला गेला'. जुन्या मराठीत नागवण म्हणजे लूट, नुकसान. म्हणजे ज्याला आपण आज निव्वळ पैशाचा शब्द समजतो त्याच्या पोटात एक उघडं पडलेलं अंग आहे!

मागे एका गृहस्थांनी मला ठासून सांगितलं की हा नाग म्हणजे साप, कात टाकतो म्हणून नागवणं. अहो, साप कात स्वतःच्या सोयीने टाकतो, त्याला कुणी लुटत नाही, उलट नवी कातडी मिळाल्यावर तो जास्तच चकचकीत दिसतो. वर आग, लाग, भाग ही सगळी रांग डोळ्यासमोर उभी असताना वारुळात हात घालायची गरजच काय? पण व्हॉट्सअ‍ॅपवर साप नेहमी जिंकतो.

नग्न करणं आणि लुटणं एकाच शब्दात का बसले याबद्दल माझं एक लाडकं मत आहे, पटलं तर घ्या. कापड महाग असण्याच्या काळात वाटमाऱ्याला माणसाकडून मिळणारी हमखास वस्तू म्हणजे अंगावरचे कपडे. पैसे असतील नसतील, कपडे तर असणारच! लुटलेला माणूस घरी यायचा तो उघडाच. आणि हे फक्त आपल्याकडे नाही. इंग्रजीतला झगा म्हणजे रोब आणि लुटणं म्हणजे रॉब, हे दोन्ही एकाच जर्मानिक मुळातून आलेत, आणि त्या मुळाचा अर्थ लूट. जुन्या फ्रेंचमध्ये रोब म्हणजे आधी लुटीचा माल आणि मग कपडा. न्यायाधीश अंगावर जो रोब चढवतात तो शब्दाच्या हिशोबाने चोरीचा माल आहे, यावर मी दोन दिवस हसत होते. म्हणजे आपण बळी गेलेल्याच्या बाजूने शब्द घडवला, त्यांनी चोराच्या बाजूने. आपल्याला उरलेलं उघडं अंग दिसलं, त्यांना पळवलेला झगा.

हे सगळं नाटकाच्या प्रश्नात कशाला, असं विचाराल. तर त्यासाठीच. उघडं होणं हे माणूस स्वतः करतो, नागवणं दुसरा करतो, आणि मंचावरच्या नग्नतेचं सगळं भांडण या दोन क्रियापदांच्या मधे आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २०२२ साली बेसबॉल खेळाडूंवरचं एक नाटक चालू होतं, त्यात शॉवरचा प्रवेश होता आणि नट खरोखर नग्न होते, रोज, ठरवून, तालीम करून, शेकडो लोकांसमोर. प्रेक्षकांचे फोन आत जाण्याआधी कुलूपबंद पिशव्यांत घालायला लावत होते. तरी कुणीतरी फोन लपवून नेला, शूट केलं आणि नेटवर टाकलं. नटांच्या संघटनेने त्याचा निषेध केला. आता बघा, अंग तेच, उजेड तोच, प्रवेशही तोच. थिएटरमध्ये तो नट नग्न होता. फोनने त्याला नागवलं. यापेक्षा नेमका शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल तर मला कळवा, मी वाट बघते.

याच्या बरोबर उलटं उदाहरण मणिपूरचं. दिग्दर्शक कन्हाईलाल यांनी महाश्वेता देवींच्या कथेवरून 'द्रौपदी' हे नाटक बसवलं, २००० साली, आणि शेवटच्या प्रवेशात अभिनेत्री सावित्री हैस्नाम मंचावर नग्न झाल्या. कथेतली ती बाई अत्याचारानंतर कपडे घालायलाच नकार देते आणि तशीच अधिकाऱ्यासमोर जाऊन उभी राहते. म्हणजे तिला नागवायला निघालेल्यांच्या हातातून क्रियापदच काढून घेते. त्यावर गदारोळ झाला आणि लोकांनी शब्द कुठला वापरला? अश्लील.

अश्लीलवर आलोच आहोत तर. नग्न म्हणजे अश्लील हे समीकरण ज्याने रूढ केलं त्याने एकदा ऋग्वेद उघडावा. सहाव्या मंडलात गाईंचं सूक्त आहे, त्यात म्हटलंय की गायींनो, तुम्ही कृशाला पुष्ट करता आणि 'अश्रीर' माणसालाही सुंदर करता. अश्रीर म्हणजे श्री नसलेला, तेज नसलेला, कळाहीन. याच अश्रीरचा पुढे र चा ल होऊन अश्लील झाला, जसा रघुचा लघु. काही संस्कृतपंडित 'न श्रियं लाति', श्री आणून देत नाही ते अश्लील, अशी फोड करतात. मला ती फोड म्हणजे तयार कपड्याला मागाहून लावलेलं अस्तर वाटते, वैदिक रूप समोर दिसत असताना 'लाति' कशाला शोधायचं? असो. मुद्दा हा की मूळ शब्दात कपड्यांचा संबंधच नाही. संस्कृत काव्यशास्त्र लिहिणाऱ्या मम्मटानेही काव्यातल्या अश्लील दोषाचे तीन प्रकार सांगितले, लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं. त्याच्या हिशोबाने भलत्या वेळी मरणाची सूचना देणारा शब्दही अश्लील. म्हणजे अंगभर कपडे घातलेलं, टाकाऊ, किळसवाणं नाटक अश्लील असू शकतं, आणि नग्न प्रयोगात श्री असू शकते. अशी कित्येक अंगभर कपड्यांतली अश्लील नाटकं मी तिकीट काढून बघितली आहेत, तेव्हा नागवली मी गेले.

इंग्रजांनी मात्र कपड्यांऐवजी हालचाल मोजली. लंडनच्या विंडमिल थिएटरमध्ये १९३० च्या दशकात नग्न मुली मंचावर यायच्या पण पुतळ्यासारखं स्थिर उभं राहायचं ही अट, हलल्या तर असभ्य. सरकारी सेन्सॉर लॉर्ड चेंबरलेन, त्याला पुतळा चालत होता, माणूस नाही. १९६८ च्या सप्टेंबरमध्ये तो अधिकार कायद्याने गेला आणि दुसऱ्याच दिवशी 'हेअर' हे नग्न प्रवेश असलेलं म्युझिकल लंडनमध्ये सुरू झालं. हे आपलं सहज आठवलं म्हणून.

हां, प्रेक्षकांचं राहिलंच. प्रेक्षक म्हणजे प्र आणि ईक्ष, नीट बघणारा, त्यात त्याने काय घातलंय याचा उल्लेख नाही. व्हिएन्नाच्या लिओपोल्ड म्युझियमने २०१३ साली नग्न पुरुषांच्या चित्रांचं प्रदर्शन एका संध्याकाळी नग्न लोकांसाठी उघडलं होतं, ते सगळे प्रेक्षकच. 'नग्नप्रेक्षक' असा समास करू नका, नग्नांना बघणारा की नग्न होऊन बघणारा हे कळत नाही, तत्पुरुष आणि कर्मधारय यांच्यात मारामारी लागेल. 'नग्न प्रेक्षक' असं तोडून लिहा, भागलं (हे भागणं वेगळं बरं का).

खरं तर प्रेक्षकासाठी आपल्याकडे याहून चांगला शब्द पडून आहे, संकोच. मरिना अब्रामोविच आणि उलाय हे स्वतःचं शरीर वापरून प्रयोग करणारे दोन कलाकार १९७७ साली इटलीत बोलोन्याच्या एका कलादालनाच्या अरुंद दारात समोरासमोर नग्न उभे राहिले, आत जायचं तर दोघांच्या मधून आडवं होऊनच जावं लागायचं, आणि तोंड कुणाकडे करायचं हे तिथल्या तिथे ठरवायचं. पोलिसांनी ते बंद पाडलं. संकोच म्हणजे मुळात आकुंचन, अंग आक्रसून घेणं, लाजणं हा नंतरचा अर्थ. त्या दारात नग्न दोघं आरामात उभे होते, आणि कोट घातलेले लोक दोन्ही अर्थांनी संकोचत आत जात होते.