‘रिव्हॉल्व्हर’ पहिला का? रॉक अल्बमांच्या क्रमवारीवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात या सदरात आम्ही आमचे सात आवडते रॉक अल्बम क्रमाने दिले होते. पहिला बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६), दुसरा द हूचा ‘हूज नेक्स्ट’ (१९७१), तिसरा लेड झेपलिनचा चौथा अल्बम (१९७१), चौथा पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३), पाचवा टेलिव्हिजनचा ‘मार्की मून’ (१९७७), सहावा क्वीनचा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ (१९७५) आणि सातवा रेडिओहेडचा ‘ओके कॉम्प्युटर’ (१९९७). त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

बीटल्सचाच ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम वगळून ‘रिव्हॉल्व्हर’ पहिला कसा? शिवाय माझ्या आत्याने अमेरिकेहून आणलेल्या एलपी तबकडीवर ११च गाणी आहेत. बाकीची कुठे गेली?
— एक वाचक, ठाणे

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. ब्रिटनमध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ १४ गाण्यांचा निघाला. अमेरिकेत कॅपिटल कंपनीने ‘आय ॲम ओन्ली स्लीपिंग’, ‘अँड युअर बर्ड कॅन सिंग’ आणि ‘डॉक्टर रॉबर्ट’ ही तीन गाणी आधीच दुसऱ्या एका एलपीत घालून टाकली होती, म्हणून तिथला ‘रिव्हॉल्व्हर’ ११ गाण्यांचा झाला. तिन्ही गाणी जॉन लेननची. त्यामुळे अमेरिकन आवृत्तीत लेननच्या वाट्याला फक्त दोन गाणी उरतात आणि अल्बमचा तोल जातो. क्रमवारी लावायची असेल तर १४ गाण्यांचीच आवृत्ती ऐका. १९८७ साली सीडी निघाल्यापासून बहुतेक सगळीकडे तीच मिळते.

आता पहिला क्रमांक. ब्रिटिश आवृत्तीतली दुसरी, तिसरी आणि चौथी गाणी सलग ऐका. ‘एलेनॉर रिग्बी’मध्ये गिटार नाही, ड्रम नाहीत, फक्त आठ तंतुवाद्यं. लगेच ‘आय ॲम ओन्ली स्लीपिंग’, त्यात गिटारची टेप उलटी वाजते. त्याला लागून ‘लव्ह यू टू’, सतार आणि तबल्यावरचं. हा तबला अनिल भागवत यांनी वाजवला आणि त्यांचं नाव कव्हरवर छापलं गेलं. सुमारे ३५ मिनिटांच्या अल्बममध्ये एकही गाणं आधीच्या गाण्याच्या साच्यात बसत नाही, आणि हे सगळं चार ट्रॅकच्या, म्हणजे चारच ध्वनिपट्ट्यांच्या, टेपवर झालेलं आहे.

शेवटचं ‘टुमॉरो नेव्हर नोज’ खरं तर सगळ्यात आधी, ६ एप्रिल १९६६ रोजी रेकॉर्डिंगला घेतलं होतं. त्यातले चित्रविचित्र आवाज म्हणजे टोकाला टोक जोडलेले टेपचे वेटोळे. ते वेगवेगळ्या मशीनवर एकाच वेळी फिरत ठेवून मिक्स करताना हवा तो आवाज हाताने वर-खाली केला. असं मिक्स हुबेहूब दुसऱ्यांदा होत नाही. म्हणूनच मोनो आणि स्टिरिओ आवृत्त्यांत ते आवाज वेगळ्या जागी येतात. शक्य असेल तर आधी मोनो ऐका. त्या काळी मिक्सिंगचा जास्त वेळ आणि लक्ष मोनोकडे जाई. ‘पेपर’चा पसारा मोठा आहे, पण तिथे उत्तम गाण्यांच्या मध्ये काही नुसती सुबक गाणी येतात. ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये तशी जागाच नाही.

‘बाबा ओ’रायली’ या गाण्यातले बाबा म्हणजे आपल्या नगरचे मेहेरबाबा, हे खरं का? आणि सुरुवातीचा तो सिंथेसायझर कोणता?
— एक वाचक, अहिल्यानगर

खरं आहे. ‘हूज नेक्स्ट’मधलं हे गाणं लिहिणारे, द हूचे गिटारवादक पीट टाउनशेंड मेहेरबाबांचे अनुयायी. मेहेरबाबांचा जन्म पुण्यात १८९४ साली झाला आणि त्यांची समाधी तुमच्या शहराजवळ मेहेराबादला आहे. नावाचा दुसरा अर्धा भाग अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांचा. त्यांच्या संगीतात छोटे स्वरसमूह पुन्हा पुन्हा येऊन हळूहळू बदलत जातात.

सुरुवातीला वाजतो तो मात्र सिंथेसायझर नाही. ते घरगुती वापराचं लाउरी ऑर्गन आहे. त्यात ‘मरिंबा रिपीट’ नावाची सोय होती: पट्टी दाबून धरली की स्वर आपोआप तुटक तुटक, लयीत वाजत राहतात. सिंथेसायझर ऐकायचा असेल तर अल्बमच्या शेवटच्या ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’कडे जा. तिथे ऑर्गनचा आवाज ईएमएस कंपनीच्या व्हीसीएस ३ या सिंथेसायझरमधून फिरवून घेतला आहे.

हा अल्बम दुसरा आहे तो याच दोन गाण्यांमुळे. टेपवरचं यंत्र ड्रमरसाठी थांबत नाही, आणि कीथ मून हा लयीला मागे-पुढे ओढणारा वादक. यंत्राची ठाम लय आणि मूनचा उसळता हात यांची ओढाताण शेवटच्या गाण्यात साडेआठ मिनिटं टिकते.

‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधला ड्रमचा आवाज घरी काढता येईल का? आमच्याकडे साधा ड्रमसेट, दोन माइक आणि लॅपटॉप आहे.
— एक ड्रमवादक, कोल्हापूर

बराचसा जवळ जाता येईल, कारण लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बममधल्या या गाण्याची मूळ मांडणीही साधीच होती. इंग्लंडमधल्या हॅम्पशायरमध्ये हेडली ग्रेंज नावाचं जुनं मोठं घर आहे. त्याच्या जिन्याच्या दालनात झेपलिनचा ड्रमवादक जॉन बॉनम याचा सेट ठेवला आणि अँडी जॉन्स या अभियंत्याने वर जिन्यावरून बायर एम १६० हे दोन रिबन माइक टांगले. बेस ड्रमजवळ माइक नाही. त्या दोन माइकचा आवाज बिन्सन एकोरेक या एको यंत्रातून आणि फार मोठा आवाज रोखणाऱ्या लिमिटरमधून दाबून घेतला, आणि टेप किंचित सावकाश चालवली.

तुम्ही इमारतीच्या जिन्यात, शेजाऱ्यांना विचारून, सेट तळाशी लावा. दोन्ही माइक एक ते दीड मजला वर, स्नेअर ड्रमपासून सारख्या अंतरावर ठेवा. अंतरात ३४ सेंटिमीटरचा फरक पडला की आवाज एका मिलिसेकंदाने मागे-पुढे होतो आणि बेस ड्रम पोकळ वाटू लागतो. अंतर दोरीने मोजा, अंदाजावर जाऊ नका. बेस ड्रममधली उशी काढा. आवाज घुमला पाहिजे.

लॅपटॉपवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारी सोय) ४ : १ पासून सुरू करा. अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद ठेवला तर काठीचा पहिला ठोका सुटून पुढे येतो. अटॅक अगदी कमी केला की ठोकाच दबतो आणि सगळा सेट लांब गेल्यासारखा होतो. गाण्याची लय मिनिटाला साधारण ७० मात्रा धरली तर अर्धी मात्रा सुमारे ४२९ मिलिसेकंदांची होते. रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) त्याच्या आसपास ठेवा, म्हणजे खोलीचा आवाज लयीतच फुगेल. रेकॉर्डिंग मिनिटाला ७४ मात्रांनी करून नंतर ७० वर आणा. स्वर सुमारे अर्ध्या सुराने उतरतो आणि ड्रम भारी वाटतात. त्या वेळी स्वर तोच राखण्याची सोय बंद हवी, नाहीतर लय उतरेल आणि वजन मात्र येणार नाही.

बहुतेकांचं बिघडतं ते झांजांपाशी. कॉम्प्रेसर त्यांचा लांबणारा आवाज वर ओढतो आणि सगळ्यावर फसफस पसरते. त्यावर बटणांचा उपाय नाही. झांजा हळू आणि ड्रम जोरात वाजवायची सवयच करावी लागते.

याच अल्बममधलं ‘फोर स्टिक्स’ झेपलिनचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ साली मुंबईत इथल्या वादकांना घेऊन पुन्हा रेकॉर्ड केलं. ते २०१५ साली अधिकृतपणे बाहेर आलं. पाच आणि सहा मात्रांचा तो खेळ आपल्या वादकांच्या हातात कसा बसतो हे जरूर ऐका.

झेपलिनच्या याच अल्बमची जुनी एलपी घेतली. ‘स्टेअरवे टू हेवन’ शेवटाकडे फुटतं, ‘स’ आणि ‘श’ खरखरतात. दोष तबकडीचा की सुईचा?
— एक वाचक, नाशिक

आधी एक नवी, चांगल्या स्थितीतली तबकडी लावून तिच्याही बाजूचं शेवटचं गाणं ऐका. तिथेही फुटत असेल तर दोष तुमच्या टर्नटेबलवरच्या सुईच्या जुळणीत आहे. तिथे स्वच्छ वाजलं तर तुमच्या एलपीची खाच आधीच्या मालकाच्या झिजलेल्या सुईने खरवडली आहे, आणि ती दुरुस्त होत नाही.

शेवटचंच गाणं का बिघडतं? तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर आत लेबलजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. या एलपीचं दुर्दैव असं की तिची दोन सर्वांत मोठी गाणी, ‘स्टेअरवे’ आणि ‘लेव्ही’, दोन्ही बाजूंच्या शेवटालाच आहेत. ‘टुमॉरो नेव्हर नोज’ आणि ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’सुद्धा तिथेच. जुळणी चुकलेल्या टर्नटेबलवर लावलेली क्रमवारी म्हणूनच आम्ही ग्राह्य धरत नाही.

सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसते त्या डबीच्या) कागदावर असतो तोच ठेवा: ऑर्टोफोन २एम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईला २ ग्रॅम. भार कमी ठेवला तर तबकडी वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंती फोडते. मग प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन तपासायची खुणांची पट्टी) घेऊन तबकडीच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवरच्या दोन्ही खुणांवर कार्ट्रिज रेघांना समांतर आहे का पाहा. एका खुणेवर जुळतं आणि दुसरीवर नाही, असं झालं तर कार्ट्रिज पुढे-मागे सरकवून पुन्हा दोन्ही तपासा. याला अर्धा तास लागतो, घाई करू नका. फक्त उजव्या बाजूचा स्पीकर फुटत असेल तर अँटी-स्केट (सुईला आत खेचणारा जोर रोखणारी सोय) थोडा वाढवा. लंबवर्तुळी टोकाची सुई साधारण ३०० तासांनी बदला.

पावसाळ्यात कव्हरला आणि तबकडीला बुरशी धरते. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसा, पूर्ण वाळल्याशिवाय कव्हरात घालू नका. आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मात्र लाखेच्या असतात. त्यांना अल्कोहोल लावलं की त्या विरघळतात. त्यांना सुईही वेगळी, जाड टोकाची लागते.

‘डार्क साइड’ फोनवर ऐकताना दोन गाण्यांच्या मध्ये टक्‌कन तुटतं. तुम्ही तर तो एकसंध आहे म्हणता.
— एक वाचक, पणजी

तो एकसंधच आहे. एलपीवर ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ संपल्यावर तबकडी उलटावी लागते तेवढाच खंड, बाकी गाणी एकमेकांत मिसळतात. एमपी३ फाइल १,१५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांत साठवली जाते. गाणं ठोकळ्याच्या मध्येच संपलं तर उरलेली जागा शांततेने भरली जाते, आणि सुरुवातीलाही थोडी शांतता येते. प्लेअरने ती कापली नाही की टक्‌ ऐकू येतं. सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ चालू करा, ‘क्रॉसफेड’ शून्यावर आणा, ‘शफल’ बंद ठेवा. स्वतः सीडीवरून उतरवत असाल तर फ्लॅक हा आवाज जसाच्या तसा साठवणारा फाइल-प्रकार वापरा.

आवाज समान करणारी सोय गाण्यागणिक नव्हे, अल्बमगणिक लावा. नाहीतर सुरुवातीचे हृदयाचे ठोके ‘मनी’ या गाण्याइतके मोठे होतात आणि अल्बमचा चढ-उतार सपाट होतो.

माझ्याकडे १५ आवडते अल्बम आहेत. प्रत्येक गाण्याला दहापैकी गुण देऊन सरासरी काढली, पण निकाल मनाला पटत नाही.
— एक वाचक, पुणे

पटणार नाही, कारण सरासरी अल्बम मोजत नाही, गाणी मोजते. ‘ओके कॉम्प्युटर’मधलं सातवं ‘फिटर हॅपियर’ म्हणजे दोन मिनिटांचा यंत्राचा आवाज. एकटं ऐकलं तर कोणी दोन गुण देणार नाही. पण ‘कर्मा पोलीस’ आणि ‘इलेक्शनियरिंग’ यांच्या मधून ते काढून बघा, बारा गाण्यांच्या अल्बमची मधली जागा कोसळते.

त्यापेक्षा दोन-दोन अल्बमांची तुलना करा. १५ अल्बमांच्या सगळ्या जोड्या १०५ होतात, तेवढ्यांची गरज नाही. यादी लागलेली असेल तर नवा अल्बम आधी आठव्याशी ताडून बघा. सरस वाटला तर चौथ्याशी, नाहीतर बाराव्याशी. असं निम्मं-निम्मं करत गेलात की चार तुलनांत जागा ठरते. दोन्ही अल्बम पूर्ण ऐका आणि आवाज सारखा ठेवा, कारण किंचित मोठा आवाज नेहमी जास्त चांगला वाटतो. नव्या रिमास्टर (जुन्या टेपवरून पुन्हा तयार केलेल्या) सीडी मुळात मोठ्या आवाजात कापलेल्या असतात, तेव्हा फोनवरच्या आवाजमापक ॲपने बसायच्या जागी दोन्ही ७५ डेसिबलच्या आसपास आणा.

‘नाइट ॲट द ऑपेरा’ सहावा? क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला, निदान म्हणून तरी वर घ्यायचा!
— एक वाचक, वाई

सेंट पीटर्स शाळेतला ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा बँड आम्हालाही प्रिय आहे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ला आम्ही एकट्या गाण्यांच्या यादीत फार वर ठेवू, आणि ‘द प्रॉफेट्स साँग’मध्ये टेपच्या विलंबाने एकच गळा स्वतःशीच फुगडी घालतो तो भाग तर त्याहून धाडसी. पण मधली हलकीफुलकी, जुन्या नाटकगृहाच्या चालीची गाणी या दोघांच्या वजनाला पुरत नाहीत.

‘मार्की मून’चं मुख्य गाणं माझ्या एलपीवर विरत जाऊन संपतं, मित्राच्या सीडीवर मात्र पूर्ण वाजतं. खरं कोणतं?
— एक वाचक, सोलापूर

दोन्ही अधिकृत. मूळ एलपीत ते दहा मिनिटं पुरी व्हायच्या आधी विरवलं आहे. नंतरच्या सीडीवर १० मिनिटं ४० सेकंदांचं पूर्ण गाणं आहे. दोन्ही गिटार शिखरावर पोहोचून थांबतात आणि मग सुरुवातीची लय पुन्हा उभी राहते, ती शेवटपर्यंत ऐकायला मिळायला हवी. म्हणून आम्ही सीडीवरची आवृत्ती धरूनच त्याला पाचवा क्रमांक दिला. केवळ एलपी धरली असती तर सहावा दिला असता.